ब्रेकवरचा पाय

आधीच सांगतो. ही गोष्ट खरी आहे. आणि खाली येऊन "बॅटरीच गेली असेल" असं कोणी लिहू नका.

बॅटरी गेलेली नव्हती.

ती तपासणारा माणूस माझा सख्खा थोरला मामा. उभं आयुष्य गाड्यांखाली आडवा पडून काढलेला. त्याच्यापुढे भुताखेताचा विषय काढला की म्हणतो, "आधी फ्यूज बघ." असा माणूस. त्याच्याबाबतीत जे घडलं ते त्याने मला एकदाच, सगळं बैजवार सांगितलं. पुन्हा विचारायला गेलो तर उठून हात धुवायला निघून जातो.

रविवार होता. आणि रात्र नव्हती बरं का... भर दुपार होती.

बाजार बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मामाचं गॅरेज गल्लीच्या अगदी टोकाला आहे. पत्र्याची लांबट शेड, पुढे शटर, मागे आंधळी भिंत. खिडकी नाही. एक गाडी नीट मावते, दुसरी तिरकी घुसवावी लागते.

पूर्वी तिथे दोघं असायचे. थोरला मामा आणि धाकटा मामा. लोक मोठे मिस्त्री आणि छोटे मिस्त्री म्हणायचे. थोरल्याने लग्न केलं नाही, त्याचा संसार काय तो भाऊच. दिवसभर दोघांची जुंपलेली असायची. रेडिओ मोठा का लावला, चहात साखर कमी का, दहाचा पाना कोणी हरवला. ऐकणाऱ्याला वाटावं, आता डोकी फुटणार. पाच मिनिटांनी दोघं एकाच बोनेटमध्ये डोकं घालून उभे.

मग धाकटा मामा गेला. याच शेडमध्ये, काम करता करता गेला.

तेव्हापासून थोरला मामा एकटा. सकाळी शटर वर, संध्याकाळी शटर खाली, मध्ये शब्द नाही. रेडिओसुद्धा लावायचा नाही. लोक म्हणायचे, मोठे मिस्त्री हल्ली शांत झालेत. शांत कसले डोंबलाचे... भांडायला कोणी उरलं नव्हतं.

धाकट्या मामाची स्वतःची एक जुनी गाडी होती. तो गेल्यावर मामाने तिची बॅटरी काढली, वर कव्हर घातलं आणि कोपऱ्यात लावून ठेवली. त्या कोपऱ्याकडे तो बघायचा नाही.

पुढे धाकट्या मामाच्या मुलीला, आमच्या ठकीला, शहराबाहेरच्या कारखान्यात नोकरी लागली. ठकी हे घरातलं नाव, ती चांगली इंजिनिअर आहे. ती काकाकडे आली.

"काका, बाबांची गाडी मला द्या ना. रोज तेवढ्या लांब जायचंय."

मामाला तिला नाही म्हणताच येत नाही. त्याने बॅटरी टाकली, टायर बदलले, गाडी आरशासारखी पुसून तिच्या हातात दिली.

आठवड्याभरात गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली.

सकाळी बॅटरी ठार. पेट्रोल पाण्यासारखं जाई. चाकं तापायची, जळका वास सुटायचा. चालता चालता गाडी मध्येच जड व्हायची, परत आपोआप हलकी. एकदम इतके दोष एका गाडीत मामानेही पाहिले नव्हते.

आणि त्या शनिवारी तर हद्द झाली.

ठकी चौक ओलांडत होती. पाय ॲक्सिलरेटरवर. आणि गाडी... मधोमध उभी राहिली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने कसंबसं बाजूला घेतलं म्हणून वाचली. आरसा तेवढा तुटला.

धाकटी मामी रडून रडून अर्धी झाली. "आधीच एक माणूस गेलंय माझ्या घरातलं," म्हणाली. "ती गाडी भंगारात घाला भावजी. आजच्या आज."

ठकी खाली मान घालून म्हणाली, "काका, बाबांचं तेवढंच उरलंय."

मामाने चावी घेतली. "उद्याचा दिवस दे मला. दोष सापडला तर सोमवारी घेऊन जा. नाही सापडला तर मीच तिला भंगारात सोडून येतो. तुला परत तिच्यात बसू देणार नाही."

तर, रविवारची दुपार.

मामाने सुरुवात बॅटरीपासून केली. चांगली होती. चार्जिंग पाहिलं, तेही ठीक. म्हणजे गाडी बंद असताना करंट कुठेतरी खर्च होत होता. त्याने टेस्टरचा दिवा लावला, करंट जात असेपर्यंत पेटतो तो. उन्हात दिवा दिसेना, म्हणून शटर पार खाली ओढलं. मग एकेक फ्यूज काढत गेला.

हॉर्नचा काढला. टेस्टर पेटलेलाच.

वायपरचा काढला. पेटलेलाच.

ब्रेकलाइटचा काढला... टेस्टर विझला.

"सापडलास," मामा म्हणाला. फ्यूज परत बसवला आणि मागे वळला.

मागच्या भिंतीवर... लाल उजेड पडला होता.

बंद गाडीचे ब्रेकलाइट लागले होते.

स्विच अडकला असेल, असं म्हणत त्याने दार उघडून खाली वाकून पाहिलं. स्विच धडधाकट होता.

पेडल... खाली होतं.

रिकाम्या गाडीचं ब्रेक पेडल अर्धंअधिक आत गेलेलं. मामाने हात घालून वर ओढलं. जागचं हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. छे. "गंजलं मेलं," म्हणत तो तेलाचा डबा आणायला गेला. चार पावलं गेला असेल. परत येऊन बघतो तर पेडल वर, दिवे बंद. त्याने बोटाने दाबून पाहिलं. लोण्यासारखं खाली-वर होत होतं.

मामा क्षणभर तिथेच उकिडवा बसून राहिला. पण डोकं मिस्त्रीचं. त्याने हिशेब जुळवला. ब्रेक सतत दाबलेला राहिला तर दिवे रात्रभर जळतात, बॅटरी उतरते. चाकं घासतात, तापतात, वास येतो. पेट्रोल जातं. गाडी जड होते, थांबते. म्हणजे दोष अनेक नव्हतेच. एकच होता.

कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलंय, असा.

हे वाक्य त्याच्या मनात असंच आलं. त्याने ते झटकून टाकलं.

पेडल खोलून साफ केलं, स्प्रिंग नवी घातली. गाडी स्टँडवर उचलली. मागचं डावं चाक फिरवायला गेला तर ते घट्ट. चाकामागचा नट सैल केला, तशी ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. आत दाब अडकला होता. तो गेला, पण नट उघडल्यामुळे आता पाइपात हवा शिरली. ती काढल्याशिवाय ब्रेक लागणार नाही.

आणि हवा काढायचं काम दोघांचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण गाडीत बसतो, एक खाली झोपतो. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल मारतो. खालचा म्हणतो, "धर." वरचा दाबून ठेवतो, खालचा नट उघडतो, बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर येतं, नट परत बंद. मग खालचा म्हणतो, "सोड." हे तीनच शब्द. 'सोड' ऐकल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत जाते आणि केलेलं सगळं वाया. एकदा थोरला मामा "धर" म्हणाला आणि मध्येच उठून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला बाहेर गेला. अर्ध्या तासाने आत आला तर धाकटा तसाच बसलेला, पायाला गोळे आलेले. "अरे, उतरायचं ना गाढवा." तर म्हणे, "तू सोड म्हणालास कुठे?"

आता वर बसायला कोणी नव्हतं. एरवी मामा शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारतो. तो रविवारी सासरी.

मामा फळीवर पडून गाडीखाली सरकला. विचार करत होता, पेडलला लाकडाचा टेकू द्यावा का. पाना नटावर होता. आणि जन्माची सवय... तोंडातून शब्द गेला.

"दाब."

शेडमध्ये आवाज नाही.

मग वर... सीटची स्प्रिंग करकरली.

फस्. फस्. फस्स्स्.

दोन हलके, तिसरा पूर्ण खालपर्यंत.

शटर उघडल्याचा आवाज आला नव्हता. ते शटर किती खडखडतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्याने मान वळवून पाहिलं. गाडीच्या खालून शेडची सगळी फरशी दिसत होती. कोणाचे पाय नव्हते.

"ठकी?"

मग आवाज चढवून त्याने विचारलं,

"कोण आहे?"

पाइप मात्र हाताला ताठ लागत होता. वरून दाब होता. मामाने नट उघडला. बुडबुड्यांसकट ऑइल आलं. नट बंद केला. आता पुढचा शब्द म्हणायचा... आणि त्याला तो म्हणवेना.

दोन हलके, तिसरा पूर्ण. असा ब्रेक मारणारा एकच माणूस होता.

धाकटा गेला त्या दिवशी हीच गाडी होती. हेच काम. शेवटचं चाक. थोरला मामा "धर" म्हणाला, धाकट्याने धरलं. स्वच्छ ऑइल आलं, नट बंद झाला. थोरला खुशीत होता. "झालं बाबा एकदाचं, चल चहाला," असं म्हणत तो बाहेर सरकला. धाकटा उतरलाच नाही. डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेला, त्याला कळलंही नसेल. त्याला बाहेर काढताना पेडलवरचा पाय उचलायला दोन माणसं लागली होती.

मामा तेव्हा 'झालं' म्हणाला होता.

'सोड' म्हणाला नव्हता.

मी मामाला विचारलं, घाबरला नाहीस? म्हणाला, घाबरलो तर. पळूनच जाणार होतो. पण बाहेर सरकायचं म्हटलं तर त्या दाराजवळूनच जावं लागणार. म्हणून पडून राहिलो. आणि पडल्या पडल्या भीती कमी होत गेली. खूप दिवसांनी वर आपलं कोणीतरी होतं रे.

मग तो बोलायला लागला. गाडीच्या तळाकडे बघत. शेडचा पत्रा गळतो म्हणाला. पंक्चरवाला कामाचा नाही, अर्ध्यातच पाय काढतो म्हणाला. ठकीला नोकरी लागली, तुझ्यासारखीच हट्टी आहे म्हणाला. वरून एक शब्द आला नाही. फक्त मधून मधून... सीट करकरायची. बसल्या जागी माणूस चुळबुळ करतो तेवढीच.

हवा एकाच चाकाची काढायची होती.

मामाने चारही चाकांची काढली.

"दाब," "धर," आणि पुन्हा "दाब." तिसरा शब्द मात्र त्याने तोंडातून काढला नाही. प्रत्येक वेळी वरून तेच, पाय पेडलवरून न काढता. दोन हलके, तिसरा पूर्ण. शटरच्या फटीतली उन्हाची रेघ पुसट होत गेली. शेवटचं चाक आलं. "धर" म्हणून झालं. नट आवळून झाला. आता करायला काही काम उरलं नव्हतं.

मामा तसाच पडून राहिला. किती वेळ, त्याचं त्यालाही माहीत नाही. मला म्हणाला, "खरं सांगू? मनात आलं, राहू दे. गाडी बिघडलीय म्हणून सांगावं. ठकीला दुसरी बघून देऊ. ही राहील इथेच कोपऱ्यात. तोही राहील."

पण दोष सापडला नाही तर गाडी भंगारात नेण्याचा शब्द त्याने दिला होता. आणि सापडलेला दोष लपवून गाडी पोरीला देणं, म्हणजे तिला पुन्हा त्या ट्रकपुढे उभं करणं.

बाहेरून शटरवर थाप पडली. "काका? आहात का आत? झालं का?"

पत्र्याच्या पलीकडे ठकी उभी होती. वर सीट करकरली... आणि एकदम गप्प झाली.

मामाने हात वर करून गाडीचा तळ नुसता धरला.

"तुझीच पोर आहे," तो म्हणाला. "तिच्या वाटेत येऊ नकोस रे."

आणि मग म्हणाला, "सोड."

भिंतीवरचा लाल उजेड गेला. चारही चाकं हाताने फिरवली तर गरागरा फिरली.

मामा बाहेर सरकला. सीट रिकामी होती. त्याने शटर उचललं, चावी ठकीच्या हातात दिली. तिने विचारलं, काय निघालं? मामा म्हणाला, पेडल अडकत होतं. खोटं काही बोलला नाही.

सोमवारी ती गेली. गाडी आजतागायत ठणठणीत आहे. बॅटरी उतरत नाही, चाकं तापत नाहीत. ठकीला यातलं काहीच माहीत नाही, आणि हे वाचून कोणी ओळखलं तर कृपा करून तिला सांगू नका.

मी मामाला एकच विचारलं होतं. सोड म्हणालास, तेव्हा नक्की काय झालं?

त्याने फडक्याला हात पुसले.

"पेडल वर आलं," म्हणाला. "पण हळू आलं. तो असा नव्हता. सोड म्हटलं की झटकन पाय काढायचा, कंटाळलेला असायचा. त्या दिवशी..."

आणि तो उठून हात धुवायला गेला. मी त्या गाडीत अजून पुढच्या सीटवर बसलेलो नाही. ठकी चिडवते, पण नाही बसलो.

एकट्याने ब्रेकची हवा काढता येईल असा एक पंप हल्ली मिळतो. ठकीनेच काकाला आणून दिला. तो खोक्यातच पडलाय. मामा अजून गाडीखाली सरकतो, नटाला पाना लावतो आणि हळूच म्हणतो, "दाब."

थोडा वेळ थांबतो.

मग पंक्चरवाल्याला हाक मारतो.