भिंतीने गिळलेला खिळा

अडलेली प्रकरणे उलगडणाऱ्या दत्तात्रेय प्रधानांच्या ओट्यावर नामा आला, पण बसला नाही.

"पोलिसांनी चंदरला सोडला. माझ्या सदाला त्यानंच मारलाय. तुमी शाबित करा. त्याला फासावर बगायचाय मला."

रेवदंड्याला बर्फाचा कारखाना उभा राहत होता. काँक्रीटमध्ये खिळे ठोकणारी काडतुसाची बंदूक १९६१ साली त्या किनाऱ्यावर एकच होती, आणि ती फिटर नामाच्याच हाती असे. घटनेच्या दिवशी दुपारी शेजारच्या इंजिनघरात त्याचा मुलगा भिंतीला टेकलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. पाठीत तसलाच खिळा, शेजारी भाकरीचे गाठोडे. सकाळी नामा चहाला गेला तेव्हा बंदूक उघड्यावर होती, आणि आदल्याच दिवशी चंदरने सदाला बंदरावर बदडले होते.

चंदर होडीत झोपलो होतो म्हणाला, पण पाहणारा कोणी नव्हता. माणूस उर्मट, सगळ्यांनाच तो गुन्हेगार हवा होता. प्रधानांचे मित्र शिवदास यांना तर शंकाच नव्हती.

मुकादम विठोबा म्हणाला, दिवसभर धडाके चाललेले, त्यातला एक कोण ओळखणार? प्रधानांनी कारखाना आणि इंजिनघर यांच्यामधल्या भिंतीबद्दल विचारल्यावर मात्र तो चाचरला. तिथे आधी दार होते. मालकाला घाई, म्हणून फळ्या मारून वर गिलावा केला. नामाला कोणी सांगितले नव्हते.

चौकीत प्रधानांनी सदाचा सदरा पाहिला. भोकाभोवती चुन्याची पूड होती, जळल्याची खूण नव्हती.

मग कारखान्यात त्यांनी बंदूक हवेत धरून चाप ओढला. ती उडाली नाही.

"तोंड कशावर तरी दाबल्याबिगर उडत न्हाय ती," नामा म्हणाला.

"इंजिनघराकडच्या भिंतीवरची ही पट्टी रांग सोडून बाजूला का ठोकलीत?" प्रधानांनी विचारले.

"पयला खिळा भिंतीनं गिळला. आरपार गेल्यावानी. म्हून सरकवली."

प्रधानांनी गिलाव्यावर टिचकी मारली; आत पोकळ वाजले. ते बोलले नसते तर बरे झाले असते.

"बंदूक सदाच्या पाठीवर दाबली असती तर सदरा जळला असता. लांबून ती उडत नाही. म्हणजे ती दाबली गेली, पण दुसऱ्या कशावर तरी."

"कशावर?" शिवदासांनी विचारले.

नामा गिलाव्यावर हात ठेवून उभा होता. त्याला ते विचारावे लागले नाही.

"तो थितं कशाला बसला व्हता?"

"तुमची भाकरी घेऊन आला होता. काम थांबायची वाट बघत होता."

"चंदरच म्हणा," नामा पुटपुटला. "घरी तेवढंच सांगा."

"तो फासावर जाईल, नामा."

बाहेर नीराबाई, सदाची आई, कधीची उन्हात उभी होती. नामा दिसताच ती पुढे आली.

"गावला?"

"गावला," नामा म्हणाला, आणि तिच्या पायाशी खाली बसला.