परकी नोंद

वेंगुर्ल्यात आता दर चौथ्या घरात समुद्राचा एक तुकडा होता. प्रवाळाच्या बागा पांढऱ्या पडून मेल्या, तेव्हा त्यांच्या आसऱ्याने जगणारे मासे सरकारने लोकांच्या घरी सांभाळायला दिले. खाऱ्या पाण्याची टाकी, पंप आणि दोन-चार मासे. मासा आजारी पडला की कळवायचं, मेला तर कारण द्यायचं. डॉ. मुक्ता केळुसकरचा दिवस त्यामुळे घरोघरच्या टाक्यांपुढे वाकण्यात जाई.

त्या मंगळवारी ती मठकरांकडे गेली. मठकर नवरा-बायको साठीच्या पुढचे. स्वानंद मठकर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यातून निवृत्त झालेले. तनया पूर्वी शाळेत गणित शिकवत. त्यांच्याकडे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची विदूषक माशांची जोडी होती. ‘अंगावर पांढरे ठिपके, श्वास जोरात,’ असं तनयांनी कळवलं होतं.

मुक्ताने घड्याळ लावून कल्ल्यांची उघडझाप मोजली. ठीक होती. भिंग लावून अंग पाहिलं. चिमूटभर खाणं टाकलं. दोन्ही मासे झेपावले.

“ठिपके कुठे दिसले, काकू?”

“काल होते,” तनया म्हणाल्या. “तुम्ही पाणी तपासा ना. ते यंत्र आणलंय ना?”

यंत्राला सगळे ‘जललेख’ म्हणत. पाण्यात राहणारा किंवा नुसता हात बुडवणारा कोणताही जीव तिथे आपल्या पेशींचे कण सोडून जातो. त्या कणांत त्याची जनुकं असतात, प्रथिनं असतात, रोगाच्या खुणा असतात. जललेख एका थेंबातून ते वेचून वाचतो : पाण्यात कोण आहे, कोणाला काय झालंय, आणि रोगाची चाल ठाऊक असेल तर पुढे किती दिवस आहेत. माशाचं रक्त काढावं लागत नाही. त्याला हातही लावावा लागत नाही.

पण टाकी साफ करणारा हात माणसाचा असतो. त्या हाताचं जे काही पाण्यात उतरतं त्याला यंत्र ‘परकी नोंद’ म्हणे. हातावरचं मलम किंवा साबण माशांना बाधतो, म्हणून ही नोंद डॉक्टरला उघडावी लागे. पाहून लगेच पुसायची आणि कोणाला सांगायची नाही, असा कायदा होता.

सुरुवातीला मुक्ताला त्या नोंदींमुळे झोप येत नसे. रस्त्यात माणूस हसून नमस्कार करी आणि तिला त्याच्या यकृताचा आकडा आठवे. आता आठ वर्षं झाली होती. आता ती नोंद वाचायची, पुसायची आणि पुढच्या घरी जायची.

थेंब यंत्रात गेला. सहा मिनिटांनी त्याच्या पाटीवर अक्षरं उमटली. मासे निरोगी. क्षार योग्य. खाली परकी नोंद, एकाच माणसाची.

“टाकीत हात फक्त स्वानंद घालतो,” तनया हळूच म्हणाल्या. “मी मुद्दामच घालत नाही.”

मुक्ताने वर पाहिलं.

“माशांना काही झालेलं नाही, मला माहीत आहे. मी खोटं कळवलं. मला त्याचं हवंय.” त्यांचा आवाज वर्गात गणित समजावावं तसा सरळ होता. “त्याच्या वडिलांना मज्जातंतूंचा आजार होता. कधी मरणार ते त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी भिंतीवर दिनदर्शिका लावून एकेक दिवस खोडला. स्वानंदने ते पाहिलंय. तो म्हणतो, मला काही झालं तरी कळायला नको. त्याच्या संमतीशिवाय इस्पितळात तपासणी होत नाही. गेल्या महिन्यात त्याच्या हातून पाना दोनदा पडला.”

“काकू, मला सांगता येत नाही.”

“मला तयारी करायची आहे. त्याला नाही तर नाही, मला तरी कळू दे.”

खिडकीबाहेर कोणीतरी नारळ सोलत होतं. मुक्ताला अजून तीन घरं करायची होती. मन घट्ट करावं किंवा विरघळू द्यावं, असं काही तिला वाटलंच नाही. टाकीत अमोनिया वाढलाय हे ती ज्या स्वरात सांगे, त्याच स्वरात तिने सांगितलं.

“तोच आजार आहे. त्याची वाकडी झालेली प्रथिनं कातडीत आधी दिसतात. हात, मग गळा, मग श्वास. अठरा ते बावीस महिने. औषध नाही.”

तनयांनी मान हलवली. “चहा घेणार?” त्यांनी विचारलं. मुक्ता नको म्हणाली, नोंद पुसली आणि निघाली.

पाच महिन्यांनी मठकरांकडून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी दार स्वानंदांनी उघडलं. शर्टाचं वरचं बटण लागलेलं नव्हतं.

“तनया बाजारात गेलीय. म्हणूनच आत्ता बोलावलं,” ते म्हणाले. “डॉक्टर, तिला काहीतरी झालंय.”

“काकूंना?”

“भांडत नाही ती. चाळीस वर्षं आम्ही रोज भांडलो. मी जुनी बोट घेतो म्हटलं, लगेच हो म्हणाली. पूर्वी तिने मला घरात घेतलं नसतं. मी बोलायला लागलो की फोन पालथा ठेवते. माझा आवाज टिपून घेते, मला कळतं ते. जेवताना नुसती बघत बसते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर हसते.” ते थांबले. “तुमचं यंत्र माणसाचंही सांगतं असं ऐकलंय. काल काहीतरी निमित्त काढून तिला टाकीत हात घालायला लावला. तुम्हाला परवानगी नाही, ठाऊक आहे. पण तिला काय झालंय ते मला कळलंच पाहिजे.”

मुक्ताने थेंब घेतला. सहा मिनिटं गेली.

आता पाटीवर दोन परक्या नोंदी होत्या. एक तिने पूर्वी वाचलेली. तीत उरलेल्या महिन्यांचा आकडा खाली आला होता, अपेक्षेपेक्षा जरा जास्तच. दुसरी नवी.

“काकूंना काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “त्या अगदी ठणठणीत आहेत.”

स्वानंदांनी सुस्कारा सोडला. खुर्चीत बसले, हसलेही. मग ते हसू हळूहळू ओसरलं.

“मग ती माझ्या हातांकडे का बघते?”

मुक्ताने नजर पाटीवर वळवली. ज्याला कळायला नको होतं त्याच्यापर्यंत तिचं एक वाक्य पाच महिने चालत आलं होतं, आणि मध्ये कोणी एक शब्दही उच्चारला नव्हता. तिला काहीतरी वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली. आलं नाही.

“तुम्ही तिला सांगितलंत,” स्वानंद म्हणाले. त्यात राग नव्हता.

“हो.”

“किती...” त्यांनी हात वर केला. “नको. आकडा सांगू नका.”

“नाही सांगत.”

“आणि मला कळलंय, हे तिला सांगू नका. तिने एवढं सांभाळलंय.”

तेवढ्यात फाटक वाजलं. तनया पिशवी घेऊन आत आल्या आणि मुक्ताला पाहून उंबऱ्यातच थबकल्या.

“माशांसाठी बोलावलं होतं,” स्वानंद घाईने म्हणाले. मग पिशवीत डोकावून त्यांनी आवाज चढवला. “ही कसली भेंडी आणलीस? सगळी जून. चाळीस वर्षांत तुला भाजी पारखता आली नाही.”

ते बायकोच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

“हो रे,” तनया मऊपणे म्हणाल्या. “माझंच चुकलं. बदलून आणते.”

त्या पिशवी उचलून परत बाहेर पडल्या. फाटक पुन्हा वाजलं. स्वानंद तिथेच उभे होते. मुक्ताने दोन्ही नोंदी पुसल्या आणि अहवालात लिहिलं : मासे निरोगी.