लाल गाडीचा पिवळा दिवा

संघपालने त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा तो गॅरेजात एका जीपखाली आडवा होता. वाचून झाल्यावर त्याने ते घडी घालून खिशात कोंबलं आणि पुन्हा जीपखाली शिरला.

आज तोच कागद, ग्रीसचा ठसा उमटलेला, देवकीताईंच्या टेबलावर होता आणि समोर संघपाल बसला होता.

देवकीताई पूर्वी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासत. आता धरमपेठेतल्या घरूनच खासगी तपासाची कामं घेत. शेजारचे गणपतराव, निवृत्त ग्रंथपाल, त्यांच्यासोबत असत. गाडी कशी चालते हे गणपतरावांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा त्यांना संकोच वाटे.

“वाचा, गणपतराव. मोठ्याने.”

“‘तुम्ही माझ्या स्पोर्ट्स कारला वारंवार नकली ऑक्सिजन सेन्सर बसवून फसवणूक केली आहे. रविवारपर्यंत लेखी माफी मागावी. अन्यथा हे पत्र शहरातल्या गाडीमालकांच्या ग्रुपवर टाकले जाईल. दुर्गेश.’” गणपतरावांनी चष्मा काढला. “हे सेन्सर म्हणजे नेमकं...”

“सायलेन्सरच्या पाइपात बसते, काका,” संघपाल म्हणाला. “इंजिनातून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगते. त्यावरून गाडी पेट्रोल कमीजास्त करते. तो सुस्त झाला का समोर पिवळा दिवा लागते. नवा बसवला का दिवा जाते, अन् थोड्या दिवसांनी पुन्हा हाजिर. स्कॅनर लावला का बिघाडाचा कोड तोच.”

“मग दोन ओळी माफीच्या लिहून मोकळा हो ना, बाबा. कशाला वैर?”

संघपालने मान वर केली. “माफी लिहीन तर आधी गॅरेजचा बोर्ड उतरवीन. चोराच्या दारात कोण गाडी आणते? बापानं लकडगंजात लाकडं वाहून मले आयटीआय शिकवली. मान खाली घालाले नाही शिकवलं.”

गणपतराव ओशाळले. देवकीताई हसल्या. “बरोबर आहे तुझं. काढलेला सेन्सर आणलास?”

त्याने फडक्यातून तो काढून ठेवला. बोटाएवढा धातूचा तुकडा, टोकाला बारीक भोकं. टोक पांढरं पडलं होतं, पिठात बुडवल्यासारखं.

“इथे काळी काजळी हवी होती,” देवकीताई भिंग धरून म्हणाल्या.

“हेच तर! पांढरं काहून? इंजिन थंड ठेवणारं कूलंटचं पाणी आत शिरलं का असं होते. पण पाणी थेंबभर कमी नाही. प्रेशर देऊन पाह्यलं.”

“पेट्रोल?”

“त्यांच्या मिसेसची गाडी त्याच पंपावर भरते. तिले काही नाही.”

“मग आधी तुझ्या दुकानदाराकडे जाऊ.”

*

प्रीतमचं सुट्या भागांचं दुकान लकडगंजात होतं. माणूस गोलमटोल आणि बोलका. गणपतरावांचा संशय तिथेच पक्का झाला. इतकं हसणारा माणूस काहीतरी लपवतो असं त्यांना वाटलं.

“माल नकली?” प्रीतमने सीलबंद खोका टेबलावर आपटला. “बघा ताई. हाच माल अख्ख्या शहरात जाते. एक पीस परत नाही आला. अन् आला असता तर या संघपालनं माझ्या डोक्यावर हाणला असता. त्याचा स्वभाव माहीत नाही तुमाले!”

“नकली सेन्सर मरतो कसा?”

“आतून. आतली तार जळते, का तुटते. खेळ खलास.”

“बाहेरून पांढरा होतो?”

प्रीतम थबकला. “बाहेरून? त्याच्यावर कोण पीठ टाकन?”

बाहेर आल्यावर गणपतराव हळूच म्हणाले, “मला हा माणूस बरोबर वाटत नाही.”

“मला त्याचं शेवटचं वाक्य फार बरोबर वाटलं,” देवकीताई म्हणाल्या.

*

दुर्गेशच्या बंगल्यासमोर नत्थू नावाचा नोकर लाल गाडी धूत होता. दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी.

“पाण्याचा पाइप इंजिनावर मारतोस का रे?” देवकीताईंनी विचारलं.

“नाही वं बाई! बोनेटले हात लावाची मनाई आहे मले. बाहेरचं अंग माझं, आतलं भाऊसाहेबाचं. त्याइले दुसऱ्याचं काम पसंत नाही येत.”

दुर्गेश आला. पांढरा टीशर्ट, हातात मोबाइल. “त्या मेकॅनिकने तुम्हाला पाठवलं? चांगलं केलं. बघून घ्या, गाडीत काही दोष आहे का.”

त्याने बोनेट उघडलं. आतलं प्रत्येक प्लास्टिक आणि रबर नुकतं तेल लावल्यासारखं झळकत होतं. एका बाजूला हवा गाळणारा, शंकूसारखा उघडा एअर फिल्टर होता.

“हा कंपनीचा नाही,” देवकीताई म्हणाल्या.

“कंपनीचा बंद डबा होता, आवाज दाबायचा. पुण्याहून हा बसवून आणला. ऐका.”

त्याने गाडी सुरू केली. गणपतराव दचकून दोन पावलं मागे सरले. देवकीताई मात्र वाकल्या. त्यांनी एका नळीवर बोट फिरवलं, बोट घसरलं. ते त्यांनी अंगठ्यावर चोळलं आणि रुमालाला पुसलं.

“छान ठेवलंय.”

“शोरूमसारखं,” दुर्गेश खूश होऊन म्हणाला.

आतून त्याची आई, अंजनाबाई, आल्या. “गाडी पाहाले आल्या का? मी दर रविवारी ओवाळते तिले. मग हा रामटेकले जाते, मित्रांसंग.”

“अशी सुरू असताना ओवाळता?”

“मंग? बंद इंजिनाले काय ओवाळाचं वं? आमच्या घरी ट्रॅक्टर आला तेव्हापासून रीत आहे. इंजिन धडधडलं पाहिजे, बोनेट उघडं पाहिजे, तेव्हा दिवा दाखवाचा.” त्या देवकीताईंच्या कानाशी वाकून कुजबुजल्या, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. “मधात, ते नवं सेन्सर बसवलं त्याच दिवशी, मी लेकीच्या बाळंतपणाले पारशिवनीले गेली होती. ओवाळणं राहून गेलं. म्हटलं, आता नजर लागन. तर उलटंच, बाप्पा! तेवढे दिवस पिवळा दिवाच नाही लागला.”

“आई, काहीही नको सांगू,” दुर्गेश म्हणाला. “तेव्हाही मी रोज गाडी चालवतच होतो.”

“रोज?” देवकीताईंनी विचारलं.

“रोज. रामटेकलाही जायचो. फक्त तिची आरती नव्हती.” तो वळला. “हे बघा, रविवारी ते पत्र ग्रुपवर जाणार म्हणजे जाणार.”

“मग रविवारीच येतो. आरतीला. संघपालला घेऊन.”

परतताना गणपतराव अस्वस्थ होते. “आरतीने गाडी बिघडते असं आपण म्हणणार आहोत का? लोक मारतील हो.”

“आपण आरती फक्त बघणार आहोत.”

*

रविवारी सकाळी संघपाल धुतलेला शर्ट घालून फाटकाशी उभा होता. दुर्गेशने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “पत्र टाकलं मी ग्रुपवर,” तो देवकीताईंना म्हणाला. “मुदत संपली.”

त्याने इंजिन सुरू केलं, बोनेट उघडलं आणि कपाटातून एक उंच डबी आणली. फुस्स, फुस्स. बारीक धुकं इंजिनभर पसरलं. काळे भाग लखलखले. अंजनाबाई ताट घेऊन पुढे सरकल्या.

“थांबा, अंजनाबाई,” देवकीताई म्हणाल्या. “दुर्गेश, ते धुकं कुठे जातंय ते बघ.”

सगळ्यांनी पाहिलं. धुक्याची एक शेपटी वळून त्या शंकूसारख्या फिल्टरमध्ये ओढली जात होती.

“हवा ओढते ना गाडी,” दुर्गेश म्हणाला. “त्यात काय?”

“डबी दे. इंजिन बंद कर. आणि स्वयंपाकघरात चला.”

त्यांनी एका जुन्या स्टीलच्या चमच्यात थोडा फवारा मारून घेतला, डबी लांब अंगणात ठेवायला लावली आणि चमचा सांडशीत धरून गॅसवर नेला. द्रव पेटला. पांढरा धूर निघाला. ज्योत विझली तेव्हा चमच्याच्या बुडाशी पांढरी भुकटी होती. देवकीताईंनी शेजारी तो काढलेला सेन्सर ठेवला.

“डबीवर लिहिलंय, यात सिलिकॉन आहे. ते जळलं की अशी भुकटी होते, वाळूच्या जातीची. इंजिनात जळते, धुराबरोबर बाहेर येते आणि सेन्सरच्या भोकांवर बसते. सेन्सर गुदमरतो. संघपाल नवा बसवतो, तू पुढच्या रविवारपासून तोही बुजवायला लागतोस.”

“अख्खं शहर हा स्प्रे वापरतं!”

“बंद इंजिनावर. आणि फिल्टर डब्यात असताना. तुमच्या घरी इंजिन सुरू असल्याशिवाय आरती नाही, आणि आरतीला इंजिन चमकल्याशिवाय तुला चैन नाही. त्यात फिल्टर उघडा.” त्या गणपतरावांकडे वळल्या. “प्रीतमने सांगितलं, नकली सेन्सर आतून मरतो. हा बाहेरून मेला. पाणी कमी नव्हतं, पेट्रोल चांगलं होतं. म्हणजे जे आत गेलं ते हवेतून गेलं. नळीवर माझं बोट घसरलं तेव्हा काय ते कळलं. कोणी मारलं ते नत्थूने सांगितलं: आतलं अंग भाऊसाहेबाचं. आणि कधी, ते अंजनाबाईंनी. त्या पारशिवनीला होत्या तेव्हा गाडी रोज धावली, पण आरती नव्हती म्हणून फवारा नव्हता. दिवा लागला नाही.”

अंजनाबाई ताट घेऊन पुढे आल्या. “माह्या आरतीनं झालं का?”

“नाही. तुमच्या निरांजनाने काही होत नाही. खुशाल ओवाळा. आधीचा फवारा तेवढा नको.”

गणपतराव चमच्याकडे बघत राहिले. प्रीतमबद्दल त्यांना मनातल्या मनात वाईट वाटलं.

दुर्गेशने घसा खाकरला. “ठीक आहे. झालं ते झालं. संघपाल, माफीचं राहू दे आता. गरज नाही.”

“राहू दे म्हणजे?” संघपाल म्हणाला. “माफी मी मागतच नव्हतो, भाऊसाहेब.”

“बरं बाबा. ग्रुपवरून पत्र काढतो.”

“काढू नका. लोकाईनं वाचलं आहे. माझा जवाब येईल, तो त्याच्याखालीच टाका. कागद आला होता, कागदच जाईल.”

“एवढं कशाला ताणतोस?”

अंजनाबाईंनी ताट खाली ठेवलं. “टाकजो रे दुर्गेश. चोर म्हणताना ताणलं नाही का तू?”

*

सोमवारी संघपालने सांगितलं आणि गणपतरावांनी लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं. लिहून झाल्यावर कागद संघपालने वाचला.

“काका, हे ‘तसदीबद्दल क्षमस्व’ काहून?”

“पत्रात असं शेवटी लिहितात.”

“यात नाही लिहीत.”

गणपतरावांनी नवा कोरा कागद घेतला. या वेळी पत्र छोटं झालं: ‘आपले पत्र मिळाले. माफी मागणार नाही. सेन्सर अस्सल होता. गाडी घेऊन या, फिल्टरचा मूळ डबा बसवून देतो. संघपाल.’

पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी पाकीट उलटंसुलटं केलं. “इथल्या इथलंच आहे. हाती नेऊन दिलं तरी चालते.”

“नाही,” गणपतराव म्हणाले, आणि आपला आवाज एवढा मोठा निघाला म्हणून ते स्वतःच चपापले. “स्पीड पोस्टच करा.”

बाईंनी शिक्का मारला.