मागची जागा

"तुमची पिशवी वेगळी बांधा," असं म्हणून भिंगरीनं धर्मशाळेच्या पलंगावरची पिशवी एवढ्या जोरानं ढकलली, की ती जमिनीवर आपटली आणि आतलं शिवणकामाचं अंगुस्तान घरंगळत थेट कपाटाखाली गेलं.

वहिनी खाली बसली आणि कपाटाखाली हात घालून ती बोटात घालायची पितळी टोपी चाचपू लागली. पाठमोरं असण्याचा तेवढाच एक फायदा होता... डोळे कुणाला दिसत नव्हते!

"वेगळी म्हणजे?" तिनं खालूनच विचारलं.

"म्हणजे वेगळी. घाटापलीकडच्या गावात एक क्रीडाशिक्षिका येऊन थांबणार आहेत. तिथून सीमेपर्यंत मागच्या जागेवर त्या बसतील. तुम्ही बसनं घरी जा."

"माझं काही चुकलं का गं?"

"चुकायला तुम्ही करता काय? हँडल मी धरायचं, ब्रेक मी दाबायचे, खड्डे मी चुकवायचे, आणि नुसतं मागं बसून दम तुम्हाला लागतो! काल त्या एवढ्याशा चढावर तीनदा पाणी मागितलंत. त्यापेक्षा गोणी बांधली असती मागे. निदान तिला तहान तरी लागली नसती!"

वहिनीला अंगुस्तान सापडलं. ते तिनं मुठीत घट्ट धरलं. एक वाक्य... फक्त एक वाक्य बोललं असतं तर सारं उलटलं असतं! पण ते वाक्य तिनं गिळलं, जसं गेली तीन वर्षं दुसरं एक वाक्य ती गिळत आली होती.

आता ही जोडसायकल कशी असते ते आधी नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावरच बेतलेलं आहे. तिला जागा दोन, पेडलच्या जोड्या दोन, पण हँडल आणि ब्रेक एकट्या पुढच्याकडे. उजव्या बाजूला एक साखळी मागच्या पेडलपासून मागच्या चाकाला जाते. गाडी पुढे ढकलते ती हीच. डाव्या बाजूला दुसरी साखळी असते, ती पुढची पेडल मागच्या पेडलला बांधून ठेवते. त्यामुळे चारही पाय एकाच तालात फिरतात. एकीनं जीव तोडून जोर लावला आणि दुसरीनं पाय नुसते ठेवले, तरी फिरताना दोघींचे पाय सारखेच फिरतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. गंमत अशी, की पुढे बसणारीलाही कळत नाही!

ही सायकल भिंगरीच्या दादानं बनवली होती. तो वेल्डर. दिवसभर लोकांच्या फाटकांना आणि जिन्यांना डाग द्यायचा, आणि उरलेल्या वेळात शेडच्या मागं हिच्या नळ्या जोडत बसायचा. बहीण शर्यतीत सायकल चालवणारी, वाऱ्यासारखी. भिंगरी हे नाव त्यानंच ठेवलेलं. तिला घेऊन समुद्रापासून राज्याच्या पार पलीकडच्या सीमेपर्यंत जायचं, मागं गाडी नाही, माणूस नाही, तंबू, हत्यारं, भांडी सगळं आपलं आपण वाहायचं, असा त्याचा बेत होता. सायकलीचा रंग वाळला, आणि त्यानं अंथरूण धरलं.

भिंगरी तेव्हा दूरच्या शहरात मोठ्या शर्यतीला गेली होती. ती परतली तेव्हा गळ्यात पदक होतं, आणि अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं.

"एक फोन!" त्या दिवशी ती दाराच्या चौकटीला धरून किंचाळली होती. "एक फोन करायला तुमचे हात मोडले होते?"

लग्न होऊन आल्यापासून जी नणंद तिला "ए वहिनी, तू" म्हणत गळ्यात पडायची, तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं "तुमचे". त्यानंतर ती कधीच "तू"वर आली नाही. पुढं एका शर्यतीत ती पडली, गुडघा दुखावला, संघातून नाव गेलं. आणि एक दिवस तिनं शेडमधून धूळ खाणारी जोडसायकल बाहेर काढली. दादाचं राहिलेलं काम पुरं करायचं होतं. पण मागं बसणार कोण? ज्याला त्याला आपापली कामं. तेव्हा शिवणयंत्रावरून उठून वहिनी म्हणाली होती, "मी येते."

"या," भिंगरी म्हणाली होती. "पण सीमेवर पोचलो की दादाचं काम संपलं, आणि आपलं नातंही."

त्या अटीवर ती आली होती. सीमा येईपर्यंत हिचं मन वळेल, एवढी एकच आशा पदराला बांधून! घरी परतून रिकाम्या खोलीत यंत्र चालवत म्हातारं व्हायची तिला भीती नव्हती. भीती होती ती दारात कुणी "ए वहिनी" म्हणणारं न उरण्याची. आणि आता तर सीमासुद्धा लांबची. तिच्या हातात फक्त हा एक घाट उरला होता.

अंगणात येऊन ती नेहमीसारखी डाव्या साखळीपाशी बसली. साखळीची दोन टोकं एका कडीनं जोडलेली असतात आणि त्या कडीला एक नखाएवढी पट्टी धरून ठेवते. रोज सकाळी साखळी पुसून ती पट्टी अंगुस्तान घातलेल्या बोटानं दाबून बसवायची, हे काम तिचं.

"हात लावू नका," भिंगरी मागून आली. "माझं मी बघते. एवीतेवी उद्यापासून बघायचंच आहे."

तिनं रागारागात कडी काढली, पुसली, पट्टी खटकन बसवली आणि उठली. वहिनीनं बघितलंही नाही. डोळे भरलेल्या माणसाला नखाएवढी पट्टी कुठून दिसणार?

घाट सुरू झाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा, आणि मधे दोन ट्रकांना अंग चोरून जावं लागेल एवढाच रस्ता. भिंगरी पुढून ओरडत होती, "खड्डा! वळण! गिअर टाकते!" ओरडायचं पुढचीनं आणि ऐकायचं मागचीनं, असा या सायकलीचा रिवाज. मागून काही ओरडायची पद्धत नव्हती.

चढ लागला की वहिनी मान खाली घालायची आणि जोर लावायची. वीस वर्षं पायाचं शिवणयंत्र चालवलेले पाय ते! तंबूंचं जाडं कापड, ट्रकांच्या ताडपत्र्या, सगळं त्या पायांनी शिवलेलं. पहिल्याच टेकडीवर तिनं ओळखलं होतं, की भिंगरीचा उजवा पाय वर येताना थरथरतो, दाबताना ती श्वास धरते. तेव्हापासून प्रत्येक चढ तिनं आपल्या अंगावर घेतला होता. संध्याकाळी तंबूपाशी भिंगरी पाय लांब करून गुडघ्यावर थाप मारायची आणि स्वतःशीच म्हणायची, "बरा होतोय! अख्खा चढ चढले, आणि दुखला नाही!" त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे उजाडायचं, ते वहिनीला पाण्याच्या घोटापेक्षा गोड लागायचं. त्यापुढे गोणी म्हणवून घेणं काय मोठं होतं?

अर्ध्या घाटात मागून ट्रक आला. भरलेला, कण्हत, गुरगुरत. त्याच्या इंजिनाची ऊब वहिनीच्या पाठीला लागली.

"बाजूला जागा नाहीये!" भिंगरी ओरडली. "पुढच्या वळणाशी रुंद आहे, तिथपर्यंत दमानं..."

आणि डावीकडे काहीतरी खळ्ळकन वाजलं.

वहिनीला पायाखाली किंचित हलकं वाटलं, एवढंच. पण मग तिनं पुढे पाहिलं! भिंगरीच्या टाचा एकदम गरगर फिरल्या होत्या, सैल, रिकाम्या... आणि मग थबकल्या होत्या. डावी साखळी तुटून रस्त्यावर पडली होती. भिंगरीचे पाय थांबलेले होते, आणि सायकल चढतच होती. तशीच! त्याच वेगानं!

त्या क्षणी वहिनीला ट्रकची भीती वाटली नाही. भीती वाटली ती हिला कळेल याची. पाय थांबवले तर अजूनही गुपित गुपित राहील... पण मागं ते धूड होतं, आणि पुढं तिच्या नवऱ्याची लाडकी बहीण.

"वहिनी! साखळी गेली! मी... माझे पाय..."

"हँडल सरळ धर!" वहिनी ओरडली. मागच्या जागेवरून आलेला तो पहिलाच हुकूम. "ब्रेकला हात लावू नकोस! मी आहे!"

छाती फुटेल असा श्वास घेत तिनं पेडल दाबलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. ट्रकचा भोंगा कानात शिरत होता, घामानं डोळे चुरचुरत होते, आणि भिंगरी पुढे दगडासारखी बसली होती, हँडल धरून, पाय अधांतरी! वळण आलं. सायकल रुंद जागेवर लागली, ट्रक अंगावर धूळ फेकत निघून गेला, आणि घाटात अचानक एवढी शांतता झाली की दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू आला. खरं तर एकीचाच. धापा टाकत होती ती एकटी वहिनीच.

भिंगरी उतरली. ओठ पांढरे पडलेले.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"सोंग नका करू! गाडीचा वेग जराही कमी झाला नाही. जराही! कधीपासून एकट्या ओढताय?"

"सपाटीवर तूच ओढतेस गं," वहिनी चाचरली. "चढावर तेवढं..."

"म्हणजे माझा गुडघा... बरा होत नव्हता तर."

वहिनीनं मान खाली घातली. "होईल. थोडा झालाय. त्याला विसावा हवा होता, आणि तू तो घेतला नसतास."

भिंगरी कठड्यावर बसली. तिनं दुखऱ्या गुडघ्यावर तळहात दाबून धरला. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"गोणी म्हणाले मी तुम्हाला. ऐकून घेतलंत. सांगायचं नाही, सोसायचं, आणि दुसऱ्याला वाटू द्यायचं की सगळं आपणच केलं..." तिनं मान वर केली, आणि डोळ्यांत काहीतरी लखकन उमटलं. "तो फोन! दादानंच करू दिला नव्हता ना?"

कठड्यावरून एक खडा सुटून खाली गेला, तो किती खोल गेला ते ऐकू येत राहिलं.

"बोला ना! शर्यत होईपर्यंत तिला कळवू नकोस, असं त्यानंच सांगितलं होतं ना?"

"त्याला वाटलं होतं, तू येईपर्यंत आपण टिकू," वहिनी हलकेच म्हणाली. "रोज विचारायचा, शर्यत कधी आहे... शेवटपर्यंत."

"आणि तीन वर्षं मी तुमच्याशी... अहो, एकदा तरी सांगायचं! त्याच्यावर चिडले असते मी, तुमच्यावर का?"

"म्हणून तर नाही सांगितलं! गेलेल्या माणसावर चिडून तू कुणाशी भांडणार होतीस? आणि त्या पदकाचा तुला आयुष्यभर तिटकारा आला असता. चिडायला कुणीतरी समोर लागतं गं. मी होते समोर."

भिंगरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती उठली, धावत आली, आणि घामानं, धुळीनं भरलेल्या त्या अंगाला तिनं लहान मुलीसारखी मिठी मारली.

"ए वहिनी... वेडी आहेस का तू? अगं, वेडी आहेस का!"

तीन वर्षं कुणासमोर न पाझरलेले वहिनीचे डोळे त्या एका "तू"नं वाहू लागले!

रडून झाल्यावर भिंगरी मागं जाऊन साखळी उचलून घेऊन आली. कडी गायब होती. वहिनीच्या सुयांच्या डबीत जास्तीची एक होतीच.

"पट्टी उलटी बसवली असणार मी," भिंगरी ओशाळून म्हणाली.

"रागात मीसुद्धा बाही उलटी शिवते," वहिनी म्हणाली आणि तिनं अंगुस्तानानं पट्टी दाबली. टक.

"थांब, ही साखळी परत काढून ठेव. वरपर्यंत मी अशीच बसते. तू किती ओढतेस ते कळू दे मला."

वहिनीनं अंगुस्तान बोटातून काढलं. मग जे आयुष्यात कधी बोलली नव्हती ते बोलली. "नको गं, राहू दे लावलेली. मी खरंच दमलेय."

भिंगरीनं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. "हे बघ," ती म्हणाली, "मी खड्डा आला की ओरडते ना? तसं तू दमलीस की ओरडायचं. नवा रिवाज. पाय माझा अर्धा चालतो, पण अर्धा तरी चालतो!"

पुढच्या चढावर वहिनीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा, लाजत, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात ती म्हणाली, "दमले."

"ऐकू नाही आलं!"

"दमले!" वहिनी ओरडली. कातळावरून ते परत आलं, आणि त्याच वेळी पुढच्या टाचा खाली दाबल्या गेलेल्या तिनं पाहिल्या. पायाखालचं ओझं थोडंसं, अगदी थोडंसं कमी झालं. मग ती उगाचच आणखी एकदा ओरडली.

घाटापलीकडच्या गावात चहाच्या टपरीपाशी क्रीडाशिक्षिका उभ्या होत्या, डोक्यावर हेल्मेट, पाठीला पिशवी. भिंगरी उतरून सरळ त्यांच्याकडे गेली.

"माफ करा, मॅडम. तुम्हाला उगाच खेप पडली. मागची जागा भरलेली आहे. सीमेपर्यंतही, आणि तिथून घरी येतानाही."

बाई गोंधळल्या. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, तिचा घामेजलेला चेहरा पाहिला. "पण तुम्हीच फोनवर म्हणाला होतात, त्या फार दमतात म्हणून!"

भिंगरीनं वेगळी बांधलेली पिशवी सोडली, आणि अंगुस्तान, सुयांची डबी, सगळं आपल्या पिशवीत कोंबलं.

"दमते की!" ती म्हणाली. "पण आता सांगते."