मुकुलचं नापास रक्त

हुबळीच्या रक्तपेढीत मुकुल रक्त द्यायला गेला आणि तसाच बाहेर आला. हिमोग्लोबिन कमी! वकील माणूस, नकाराची सवय होती; पण बाकावर बसलेल्या एका मुलीदेखत मिळाला, ते जरा लागलं.

"घेत नाहीत म्हणे माझं."

"मग बिस्किट तरी ठेवा की हो खाली," ती म्हणाली. "ते रक्त दिलेल्यांसाठी असतं."

ती वेदश्री. धारवाडच्या शाळेत शिकवायची. तिच्या थोरल्या बहिणीच्या, मंगलाअक्काच्या मुलीला, दीपश्रीला थॅलसेमिया; अंगात रक्तच टिकत नसे. दर तीन आठवड्यांनी ते चढवायला अक्काबरोबर हीही यायची. मग मुकुलचीही दर तीन आठवड्यांनी हुबळीत कामं निघू लागली. परतीच्या बसमध्ये रायापूरपर्यंत खड्ड्यांमुळे त्याचं कोपर तिच्या कोपराला लागे. पुढं रस्ता चांगला होता... तरी लागे.

चौथ्या फेरीत तिनं सांगून टाकलं. "माझ्याही रक्तात तो दोष आहे. मला त्रास नाही, पण नवराही तसाच निघाला तर मूल दीपश्रीसारखं होऊ शकतं. म्हणून मी पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट मागते. तीन स्थळं पळाली."

"मी देतो की," मुकुल म्हणाला, आणि मग त्याला रक्तपेढी आठवली.

दीपश्रीच्या डॉक्टर पार्वतींच्या फॉर्मवर प्रश्न होता : आईवडिलांचं लग्नाआधीचं नातं? मुकुलनं लिहिलं, 'नाही'.

"खरंच?" वेदश्रीनं विचारलं.

"आईच्या मामांचे चिरंजीव म्हणजे आमचे अप्पा. ते काय नातं? घरचंच ते!"

"अय्यो!" म्हणून डॉक्टरांनी फॉर्म ओढून घेतला.

दोघांचे नमुने बंगळुरला गेले. बारा दिवस मुकुलला अन्न गोड लागेना. कोर्टात त्यानं पुढच्या तारखेऐवजी पुढचा रिपोर्ट मागितला. वेदश्री फोन करी, आणि रिपोर्ट सोडून सगळं बोले.

रिपोर्ट आला. दोष दोघांतही होता.

वेदश्रीनं पर्स उचलली.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. "दहा वर्षांपूर्वी मीच तुम्हाला 'नको' म्हटलं असतं. आता कुणाच्या जनुकात नेमकं काय बिघडलंय, ते कागदावर आहे. दिवस गेले की अकराव्या आठवड्यात बाळाचं तपासता येतं. चारात तीन वेळा काळजीचं नसतं."

"आणि चौथ्या वेळी?"

डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट एकाच पाकिटात घातले.

जिन्यात वेदश्री थांबली. "तुम्ही दुसरी बघा. धारवाडात मुलींचा तोटा आहे का?"

"बघेन. तिचाही रिपोर्ट मागेन... आणि चांगला आला तर? लग्न करावं लागेल हो तिच्याशी!"

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "भीती वाटतेय मला."

"मलाही. हा हात बघा —"

हात खरंच थरथरत होता. तिनं तो दोन्ही हातांत धरला. थरथर काही थांबली नाही; फक्त कुणाच्या हाताची, ते कळेना.