मातेय उलटल्यावर

दिवा जरा अलीकडे सरकव, आणि चुलीत ते एवढं लाकूड सार. सांगते.

त्या दिवशी मी निघाले होते सूप पोचवायला. बटाट्याचं, वाळवलेल्या अळंब्यांचं, वर शहाजिरं टाकलेलं. आपोलेना, माझी धाकटी बहीण, पोटुशी होती आणि पाय सुजले म्हणून खाटेवर पडून होती. तिचा नवरा फ्लोरियान तळ्यावर कामाला. म्हणून झाकणाचा डबा शालीत गुंडाळून मी बांधावरून चालले होते. दुपारची वेळ, पण उन्हाला काही जीव नव्हता. झाडांवरून थेंब टपटपत होते आणि तळ्यावरून तो वास यायला लागला होता. कुजलेली पानं, गाळ आणि महिनोन्महिने कोंडलेलं पाणी. आमच्याकडे या वासावरूनच कळतं की हिवाळा हरला.

आमच्या गावाला तळी पुष्कळ, सगळी जहागिरीची. पण धाकटं तळं हे हिवाळ्याचं. थंडी पडायच्या आधी सगळे कार्प मासे त्यात आणून सोडायचे, आणि बर्फ वितळला की बांधातली मोरी उघडून, तळं रिकामं करून, त्यांना मोठ्या तळ्यांत हलवायचं. मधले महिने ते मासे बर्फाखाली एकावर एक निजलेले असतात. त्यांना हवा लागते. म्हणून बर्फात भोकं पाडायची आणि भोकांत बोरूच्या पेंढ्या उभ्या खोचायच्या. बोरू पोकळ, त्यातून हवा खाली जाते, आणि भोक पुन्हा गोठून बुजत नाही. कडाक्याच्या सकाळी त्या पेंढ्यांच्या टोकांतून वाफ निघते. आम्ही लहानपणी म्हणायचो, तळं झोपेत श्वास घेतंय.

आणि एक नियम. फेब्रुवारीअखेरचा संत मातेयचा दिवस उलटला की बर्फावर पाय ठेवायचा नाही. मातेय बर्फ फोडतो म्हणतात. पेंढ्या काढायच्या त्या त्याच्या आधी. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, तरी आमच्यातलं रांगतं पोरसुद्धा तो पाळायचं.

मातेय उलटून गेला होता, आणि पेंढ्या तशाच उभ्या होत्या.

बांधाच्या टोकाला तळ्यांचा मुकादम कुबात उभा होता. त्याचं घर तिथेच, पाण्याला लागून. तो काठीने तळ्याकडे दाखवत होता आणि फ्लोरियान टोपी हातात घेऊन ऐकत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला लिहिता-वाचता येत नाही, पण डोळे मला देवाने दिलेत.

कुबात घरात गेला. मी फ्लोरियानला डबा दिला.

"काय म्हणत होता रे?"

"पेंढ्या काढ म्हणतो. जहागिरीचे कारभारी येणार आहेत, त्यांना तळं स्वच्छ दिसायला हवं."

"मातेय उलटला ना पण."

"कडेकडेच्याच काढ म्हणतो. कडेचा बर्फ धरून आहे." मग हसला. "ताई, मी हलका आहे. तुझी बहीण मला कुठे पोटभर वाढते?"

"सूप पी आधी," मी म्हटलं. "मग तिला नावं ठेव."

त्याने उभ्याउभ्या सूप संपवलं, डबा बोटाने पुसून चाटला आणि माझ्या हातात दिला. मी निघाले. मागे वळून पाहिलं तेव्हा धुकं उतरलं होतं. त्यात तो आणि पेंढ्या सारख्याच दिसत होत्या.

फ्लोरियान घरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी माणसं होडी घेऊन गेली. बर्फ फोडत, लांब काठ्या खुपसत फिरली. काही लागलं नाही. आणि त्या संध्याकाळी गुत्त्यात बसून कुबात काय म्हणाला असेल? म्हणाला, फ्लोरियानला मी स्टेशनावर पाहिला. हातात पिशवी होती. व्हिएन्नाच्या गाडीत चढला. तिकडे कोणी बाई असेल.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण लोकांनी ते मानलं, याचा मला आजही संताप येतो. मान हलवून म्हणाले, खरंच तर आहे, मातेय उलटल्यावर बर्फावर जातं कोण? आपल्यातलं कोणी जाईल का? म्हणजे फ्लोरियान गेलाच नाही. म्हणजे पळाला. ज्या नियमाने माणसं वाचवायची, त्याच नियमाने त्याला दुसऱ्यांदा बुडवला.

मी सांगत सुटले, मी पाहिलं, मी सूप दिलं. तर म्हणाले, रेझी, तू तिची बहीण, तू असंच म्हणणार. पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला. "जिवंत माणसासाठी मी मृताची प्रार्थना कशी म्हणू, बाई?"

आणि घर. घर जहागिरीचं होतं. कामावर नवरा मेला तर विधवेला ते हयातभर. पळून गेला तर नाही. कुबातने निरोप धाडला, धाकटं तळं रिकामं झालं की घरही रिकामं करा. आपोलेनाने ते ऐकलं, सुजले पाय खाटेवरून खाली सोडले आणि म्हणाली, "ताई, मला तळ्यावर ने."

दिवस मावळायच्या बेताला होता. बर्फ फुटत होता. तो आवाज ऐकलायस कधी? गाय अडली की जशी खोलातून हंबरते तसा. मग गप्प. मग तळ्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा. मधलं पाणी मोकळं झालं होतं, काळं, आणि त्यावर बर्फाचे तुकडे एकमेकांना हलकेच घासत होते.

आपोलेनाने माझा दंड धरला.

"ताई… पेंढ्या."

बर्फ गेला की पेंढी आडवी पडते आणि तरंगत काठाला लागते. तिला धरणारं काहीच उरत नाही. पण त्या मोकळ्या पाण्यात पेंढ्या उभ्या होत्या. सरळ. वारा होता, लाटा होत्या, बर्फाचे तुकडे येऊन आपटत होते, आणि त्या हलत नव्हत्या. तिथे पाणी दोन पुरुष खोल.

टोकांतून वाफ निघत होती. एकदम निघायची, थांबायची. पुन्हा सगळ्यांतून एकदम.

"श्वास आहे," आपोलेना कुजबुजली.

मागून पावलं वाजली. कुबात होता. "काय बघताय इथे? घरी जा. गारठ्यात पोटातलं लेकरू घालवशील."

"मुकादम," मी म्हटलं, "त्या पेंढ्या उभ्या कशा आहेत?"

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "गाळात रुतल्या असतील."

"तिथे? तुमच्या घराएवढी खोली आहे तिथे."

तो घरात गेला आणि त्याने खिडकीची दारं लावून घेतली. आतून अडसर पडल्याचा आवाज आला.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती चीड. जिवंतपणी राबवलं, मरायला पाठवलं, आणि आता तिथे खाली, त्या काळोखात, अजून तो पेंढ्याच धरून उभा आहे? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात, ऐकलं होतं. मढ्याकडून काम करून घेणारी तेव्हा पाहिली.

त्यानंतर मी रोज बांधावर जायचे. पेंढ्या जागा बदलत होत्या. बदलताना कोणी पाहिल्या नाहीत. पण पाहावं तेव्हा त्या काठाकडे सरकलेल्या असायच्या. कुबातच्या घराकडच्या काठाकडे. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. कुबात मोरी उघडायला टाळाटाळ करू लागला. आज पाणी गार आहे, उद्या पाहू. पाणी कोमट व्हायला लागलं, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले, तरी हा उद्या म्हणतो. शेवटी कारभारी स्वतःच घोडागाडीने आले आणि म्हणाले, उघडा.

सगळं गाव बांधावर. मोरीची फळी वर घेतली आणि पाणी घोंगावत निघालं. तळं हळूहळू उतरलं. आधी कडेचा गाळ दिसला, मग माशांच्या पाठी, मग मोरीपुढच्या खड्ड्यात सगळे कार्प जमा होऊन नुसता खळबळाट. माणसं जाळी घेऊन उभी होती, पण कोणी खड्ड्याकडे बघत नव्हतं. सगळे तळ बघत होते.

फ्लोरियान नव्हता. त्याचा बूटसुद्धा नव्हता.

गाळात पेंढ्या मात्र उभ्या होत्या. एकीमागे एक, तळ्याच्या मधून निघून कुबातच्या दारासमोरच्या काठापर्यंत.

कुबातच्या अंगात तेवढ्यात बळ आलं. छाती काढून म्हणाला, "पाहिलंत? तळं कोरडं आहे. माणूस कुठे आहे?" मग आपोलेनाकडे वळला. "उद्या किल्ली आणून दे."

आपोलेना पेंढ्यांकडे बघत होती.

कारभारीही बघत होते. "कुबात, या पेंढ्या मातेयच्या आधी निघायला हव्या होत्या."

"राहिल्या, मालक. थंडी फार होती."

"मग आता काढा."

कुबातने माणसांकडे पाहिलं. माणसांनी जाळ्यांकडे पाहिलं. म्हातारा पेशेक, ज्याने फ्लोरियानला हे काम शिकवलं, तो तंबाखू थुंकून म्हणाला, "तुम्हीच काढा, मुकादम. कडेकडेच्याच तर आहेत."

कुबात उतरला. जवळची पेंढी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. ती वर आली नाही. खाली गेली. हळूच, कोणीतरी दोरी आवरून घ्यावी तशी. आणि तिच्याबरोबर कुबात. घोट्यापर्यंतच्या गाळात गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत. पेंढी सोड म्हणून लोक सांगत होते. त्याचे हात सुटत नव्हते.

मग बांधावर सगळे गप्प झाले. मासेसुद्धा थांबले असं मला वाटलं. त्या शांततेत कुबातचा आवाज आला, अगदी हळू, शेजारच्या माणसाशी बोलावं तसा.

"सोड… फ्लोरियान, सोड रे… मीच पाठवलं… तू नाही म्हणत होतास, मीच… मालकांना तळं दाखवायचं होतं… सोड…"

पेंढी सुटली. माणसांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं. तिथे खणलं, बरंच खोल खणलं. गाळाखाली कडक माती लागली. बाकी काही नाही. पेंढीही नाही.

कारभाऱ्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. आपोलेनासमोर त्यांनी टोपी काढली. "घर तुमचं आहे, बाई. हयातभर."

ज्यांनी त्याला व्हिएन्नाला पळवून लावला होता त्यांनाच आता तो किती भला होता ते आठवायला लागलं. पाद्रीबाबांना प्रार्थना आठवली. प्रेत नसलं तरी नावाने पेटी पुरायची ठरली. आपोलेनाने त्याचा रविवारचा कोट आणि टोपी आत ठेवली. मी स्वतः झाकण लावलं. आत दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

चौघांनी पेटी उचलली तेव्हा त्यांतला एक हसून म्हणालाही, "फ्लोरियान, असा हलका तू जिवंतपणीही नव्हतास." कबरस्तानाची वाट बांधावरून जाते. अर्ध्या बांधावर त्यांनी खांदे बदलले. थोडं पुढे पुन्हा बदलले. बांध संपेपर्यंत चौघांच्या माना वाकल्या होत्या, आणि पेटीच्या सांध्यातून पाणी गळत होतं.

कबरस्तानात पेटी खाली ठेवली. पाद्रीबाबा घाम पुसत म्हणाले, "उघडून बघायला हवं."

आपोलेना पुढे झाली. झाकणावर तळहात टेकवून उभी राहिली. आतून काहीतरी आपटलं. जिवंत माशाने टोपलीत शेपूट मारावी तसं. एकदाच.

तिने हात काढून घेतला. "बघायचं होतं तेव्हा कोणी बघायला तयार नव्हतं," ती म्हणाली. "आता नको. घाला माती."

कोणाची तिला अडवायची छाती झाली नाही. पेटी खाली गेली, माती पडली. सगळे पांगले, आम्ही दोघीच राहिलो. तिचा हात माझ्या हातात होता, ओला आणि बर्फासारखा गार.

"झालं गं," मी म्हटलं. "त्याला त्याची जागा मिळाली."

ती कबरीकडे बघत राहिली. "ताई… मी त्याच्याशी संसार केलाय. त्याच्या हाताची थाप मी भिंतीपलीकडून ओळखते. आत होतं ते… तो नव्हता."

मी विचारलं, "मग माती का घालू दिलीस?"

"म्हणूनच," आपोलेना म्हणाली.