चार नावांचं घरकार्ड

"आक्का, ते कार्ड हिकडं आण. ह्या सालापासनं ते बंद."

दिवाळीच्या पाडव्याची वहीपूजा नुकतीच उरकली होती. कपाळावरची विभूती अजून ओली होती, हातात नारळ होता, पिशवीत गुळाची लहान ढेप होती, आणि मल्लव्वानं एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलंही होतं... तेवढ्यात पाठीमागून धाकट्या भावाचे, वीरभद्राचे, हे शब्द आले आणि ते पाऊल तिथंच थबकलं. दरवर्षी पाडव्याला ती अशीच निघायची. वर्षातला तिच्या मानाचा तेवढा एकच दिवस होता बिचारीचा!

गडहिंग्लजच्या पेठेत डॉक्टर गणपतरावांची ही रीत फार जुनी. पाडव्याला घरानं वर्षाची एक ठरावीक रक्कम त्यांच्याकडे ठेवायची, की घराचं निळं घरकार्ड वर्षभर चालू राहायचं. कार्डावर चार ओळी, म्हणजे चार माणसं. मग वर्षभर त्या चौघांनी केव्हाही जावं, दहा वेळा जावं, डॉक्टरांना घरी बोलवावं. तपासणी, सल्ला, साधी औषधं, सुई, कशाचेच वेगळे पैसे नाहीत. आणि प्रत्येकाचं दुखणं डॉक्टर त्याच कार्डाच्या पाठीवर स्वतःच्या हातानं लिहीत, म्हणून माणूस आजारी पडायच्या आधीच त्यांना त्याचा सुगावा लागायचा.

वीरभद्रानं शांतपणे सांगितलं की कोल्हापूरच्या एजंटाकडून त्यानं सगळ्यांचा आरोग्य विमा उतरवलाय. आता मोठ्या दवाखान्यात राहायची पाळी आली तरी कंपनी बघेल, मग ह्या कार्डाचं दुहेरी ओझं कशाला?

"सगळ्यांचा" म्हणजे स्वतः तो, त्याची बायको रक्षिता, पंधरा वर्षांची प्रेरणा आणि धाकटा अमरेश. मल्लव्वाचं वय आडवं आलं म्हणे. त्याचं तिला काही वाटलं नाही, खरंच नाही वाटलं. पण तिच्या मनात धस्स झालं ते वेगळ्याच गोष्टीनं.

"आणि प्रेरणाची सुई रं, तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बाप गेला तेव्हा हा तम्मा अकरा वर्षांचा होता आणि ती एकवीस. बापाच्या दुखण्यात मिरचीचं अख्खं दुकान दवाखान्याच्या पायरीवर रिकामं झालं होतं. आलेलं चांगलं स्थळ तिनं आपल्या तोंडानं परत पाठवलं, दुकानात बसली, मिरचीच्या खकाण्यानं डोळे लाल करून घेतले आणि ह्याला वाढवला. त्या दवाखान्याची धास्ती वीरभद्राच्या काळजात अजून होती, म्हणून तर विमा त्याला देवासारखा वाटत होता. त्याला वाईट तरी कसं म्हणावं!

पण त्याचं उत्तर ऐकून तिच्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षांमागं प्रेरणाचे सांधे सुजले होते, तापानं पोर फणफणली होती, तेव्हा डॉक्टरांनी हृदयाला इजा पोचल्याचं ओळखलं होतं आणि सांगितलं होतं, दर एकवीस दिवसांनी एक सुई, निदान पुढची दहा वर्षं. चुकली की दुखणं परतणार, आणि परतलं की हृदय आणखी खराब होणार. विम्याच्या फॉर्मवर मात्र वीरभद्रानं लिहिलं होतं, मुलीला कुठलाही आजार नाही! एजंटानंच शिकवलं होतं तसं. आधीचा आजार दाखवला तर कंपनी त्यावर पैसे देत नाही, चार वर्षं गुपचूप काढा, पण तोवर कुठल्या डॉक्टरच्या कागदावर तिचं नाव येता कामा नये. शिवाय उद्या पोरीचं लग्न करायचं, हृदयाची रोगी म्हणून बोभाटा झाला तर दारात कोण उभं राहील?

"पोरगी ठणठणीत हाय की आता," तो म्हणाला, आणि विषय संपला.

मल्लव्वा शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण तिला एक गोष्ट लख्ख कळत होती. विमा कामाला येतो तो माणूस आडवा पडून खाटेवर गेल्यावर. तो आडवा पडू नये म्हणून जी एकवीस दिवसांची राखण करावी लागते, तिला कुठलीच कंपनी विचारत नाही, ती कार्डाचीच. घराला दोन्ही हवीत, एकानं दुसऱ्याचं काम व्हायचं नाही... पण हे सांगायला तोंड उघडलं की वीरभद्राच्या डोळ्यांत बापाचं मरण उभं राहायचं आणि ती गप्प व्हायची.

त्या दिवशी तिनं कार्ड गुपचूप पिशवीच्या तळाशी सरकवलं. दुसऱ्या दिवशी मात्र दवाखान्यात जाऊन उभी राहिली. गणपतराव म्हणाले, मल्लव्वा, पोरीची सुई मी तशीच देतो, कार्डाचं सोड. तिनं मान हलवली. फुकटचं तिच्या अंगाला कधी लागलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं की तिनं रोज दुपारी दवाखाना झाडून पुसून काढायचा, चादरी धुवायच्या, आणि त्या बदल्यात घरकार्ड चालू राहायचं.

घरी सांगितलं, दुपारची मठात जाते. दर तिसऱ्या सोमवारी प्रेरणाला बरोबर न्यायची. सुई कमरेत खोलवर जायची, पोर ओठ चावायची, आत्तीचा हात घट्ट धरायची. "आत्ती, आप्पांना कळलं तर?" असं ती सुरुवातीला विचारायची, नंतर विचारणंही थांबलं. दीड वर्ष एकही सोमवार चुकला नाही. मल्लव्वाच्या डाव्या पायाला मात्र त्या पावसाळ्यात एक जखम झाली आणि भरेचना. तिनं चिंधी बांधली. कुणी विचारलं तर म्हणायची, बादली लागली.

पेठेत अशा गोष्टी किती दिवस लपणार? एका अडत्यानं भर बाजारात वीरभद्राला हसत विचारलं की थोरल्या बहिणीला दवाखान्यात फरशी पुसायला लावलंय काय. तो तसाच तडक आला. नेमका तिसरा सोमवार होता... बाकड्यावर प्रेरणा डोळे पुसत बसलेली, गणपतराव कार्डाच्या पाठीवर तारीख लिहीत असलेले, आणि हातात ओला फडका घेऊन जमिनीवर त्याची आक्का!

त्यानं डॉक्टरांच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि दोघींना घेऊन घर गाठलं. घरी आल्यावर बोलला.

"माझी अब्रू पुसून काढलीस, आक्का. आणि पोरीचा विमा पण. त्या कागदावर दीड वर्षाच्या तारखा हायत तिच्या नावानं. तुला पोरगं-बाळ न्हाय, तुला काय कळतंय बापाचा जीव काय असतो ते?"

हे तोच बोलला, ज्याला तिनं पोटच्या पोरासारखा वाढवला होता! मल्लव्वाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही, इतकं ते आत गेलं. त्यानं कार्ड अंगणात भिरकावलं. ते तिनं उचललं, पदरानं पुसलं, दोन लुगडी पिशवीत भरली. आजऱ्याला तिची मावसबहीण तानाबाई राहत होती, तिच्याकडे जायचं तिनं ठरवलं. निघताना रक्षिताचा हात धरून तिनं एवढंच सांगितलं की तिसरा सोमवार चुकवू नको. रक्षिता रडली, हो म्हणाली. पण नवऱ्यापुढे बोलायची छाती तिला कधीच नव्हती.

आजऱ्यात तानाबाईबरोबर ती काजू फोडायच्या कामाला लागली. टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडली, सालं निघाली. हात चालत राहायचे आणि मन सोमवार मोजत राहायचं. पहिला तिसरा सोमवार गेला... दुसरा गेला... आज नेली असंल का पोरीला? कुणाला विचारणार! तिसरा सोमवारही गेला, आणि त्यानंतरच्या गुरुवारी शेजारच्या दुकानात रक्षिताचा फोन आला. प्रेरणाला आधी घसा धरला, मग ताप, मग गुडघे सुजले, आता धाप लागते. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात ठेवलंय, तीन दिवस झाले, उतार नाही. आणि शेवटी हुंदका गिळत ती म्हणाली, "वन्सं, आधीचं दुखणं ह्यांनी डॉक्टरांना सांगितलंच न्हाय."

मल्लव्वा हात न धुता एस.टी.त बसली.

दवाखान्यात पोचली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. प्रेरणा उशांना टेकून बसवलेली, ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला खांदे उचलत होते. आत्ती दिसताच तिनं हात पुढं केला, बोलायची ताकद नव्हती. खाटेपाशी तरुण डॉक्टर वीरभद्राला तिसऱ्यांदा विचारत होते, पूर्वी कधी असे सांधे सुजले होते का, हृदयाचा काही त्रास, काही कागद? टायफॉइडवर औषध चालू होतं, सलाईन चालू होती, आणि पोरगी आणखीच खालावत होती. वीरभद्रानं नजर चुकवून सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. त्याच्या खिशातून विम्याच्या कागदाची घडी डोकावत होती.

मल्लव्वानं पिशवीतून निळं कार्ड काढलं. डॉक्टरांच्या हातात द्यायला एक पाऊल पुरे होतं. पण ती डॉक्टरांकडे गेली नाही, भावाकडे गेली. त्या काळ्या, सोललेल्या बोटांकडे तो बघतच राहिला.

"तम्मा, मी दिलं तर पुन्हा मीच तुझ्या पाठीमागनं केल्यागत होईल," ती अगदी हळू म्हणाली. "बाप तू हाईस. तू दे."

प्रेरणाच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. मग वीरभद्रानं कार्ड घेतलं आणि डॉक्टरांपुढं धरलं. "हिला हृदयाचं दुखणं हाय," तो म्हणाला. "साडेतीन वर्षांपूर्वीचं. मी खोटं बोललो." आणि एवढा मोठा व्यापारी माणूस खाटेच्या लोखंडी दांडीला कपाळ लावून लहान पोरासारखा रडला.

कार्डाच्या पाठीवरच्या तारखा डॉक्टरांनी उभ्या उभ्या वाचल्या. हृदयावर ताण आणणारी सलाईन तिथल्या तिथं बंद केली, औषधं बदलली, हृदयाच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर, असं ते पुढं काहीतरी म्हणाले, पण ते कुणाला ऐकायचं नव्हतं. चार दिवसांनी प्रेरणाची धाप बसली. तिसऱ्या आठवड्यात ती घरी आली. हृदयाची एक झडप मात्र पहिल्यापेक्षा जास्त गळू लागली होती, आणि आता सुया दहा वर्षांनी संपणार नव्हत्या. त्या चुकलेल्या तीन सोमवारांची ती खूण पोरीच्या काळजावर जन्मभर राहणार होती.

विमा कंपनीनं दावा नाकारला. वीरभद्रानं तक्रार केली नाही. नवा फॉर्म आणला, सगळं खरं लिहिलं. प्रेरणाच्या हृदयाचं कंपनीनं वगळलं, बाकी सगळ्या मोठ्या दुखण्यांसाठी चौघांवरही छत्र राहिलं. आणि हृदयाच्या राखणीसाठी पुन्हा पाडवा आला.

ह्या पाडव्याला नारळ वीरभद्राच्या हातात होता. आक्काला त्यानं आजऱ्याला परत जाऊच दिलं नव्हतं, पण त्या दिवशीच्या बोलण्याची माफी काही त्याच्या तोंडातून निघाली नव्हती. ती निघणं त्याला जड जात होतं आणि ती मागत नव्हती. जुन्याची पाठ तारखांनी भरली होती, म्हणून दवाखान्यात गणपतरावांनी नवं कार्ड काढलं आणि जुन्यावरून नावं उतरवू लागले. वीरभद्रानं पहिल्यांदाच ते जुनं कार्ड पुढून नीट पाहिलं. आजवर त्यानं पाठीवरच्या तारखांचीच धास्ती घेतली होती. चौथ्या ओळीवर एक नाव खोडलेलं होतं, मल्लव्वा. त्याच्यावर, तिच्याच वेड्यावाकड्या अक्षरात, अमरेश.

"आक्का... तुझं नाव?"

"चारच ओळी असतात की," ती सहज म्हणाली. "अमरेश झाला तवा कुणाचं तरी काढायला पायजे होतं."

अमरेश आता अकरा वर्षांचा होता. अकरा वर्षं ती दर पाडव्याला गूळ-नारळ घेऊन ज्या कार्डासाठी येत होती, ज्या कार्डासाठी तिनं फरशी पुसली, घर सोडलं, त्यात ती स्वतः नव्हतीच! वीरभद्रानं खोडलेल्या नावावरून बोट फिरवलं. मग तो डॉक्टरांना म्हणाला, पहिलं नाव आक्काचं लिहा, माझं खोडा.

गणपतरावांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कुणाचंच नाव न खोडता त्यांनी खणातली पट्टी काढली, कार्डावर पाचवी रेघ ओढली आणि म्हणाले, "मल्लव्वा, बाकड्यावर बस. आधी तुला बघतो."

ती नको नको म्हणत होती, तोवर त्यांची नजर पायाच्या चिंधीवर गेली. चिंधी सोडली. जखम खोल होती, कडा काळ्या पडल्या होत्या, आणि दाबलं तरी तिला काही कळत नव्हतं. त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, पट्टीवर टेकवला. साखर इतकी वाढलेली होती की त्यांनी दुसऱ्या पट्टीवर पुन्हा तपासून पाहिली. तहान किती लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते का, हे सगळं केव्हापासून आहे, असं त्यांनी विचारलं.

मल्लव्वानं भावाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"अमरेश लहान होता तवापासनं."

वीरभद्र फरशीवर बसला, त्याच फरशीवर. बहिणीचा पाय त्यानं उचलून आपल्या मांडीवर घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ती एक हात त्याच्या डोक्यावरून फिरवत दुसऱ्या हातानं पाय सोडवून घ्यायची धडपड करत होती.

"सोड रं तम्मा, लोक बघतील."

"बघू देत," तो म्हणाला. "त्या दिवशी मी लई वाईट बोललो, आक्का. तुला पोरगं न्हाय म्हणालो. मी हाय की."

गणपतरावांनी गरम पाणी मागवलं. पाय वाचेल का, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. रोज पट्टी बदलायला आणा, एवढंच म्हणाले. वीरभद्रानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान बंद ठेवायला लागला.